रामा आणि किम

गेली चार-पाच वर्षं माझ्या एका मित्राला कोरियाचं वेड लागलं आहे. मित्र देवगड तालुक्यातलाच, माझ्याएवढाच, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो मुंबईला गेला, नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेऊन परत आला आणि कुणकेश्वरला समुद्राच्या अंगाला त्याने चार खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर काढलं. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक बंद झाले, खोल्या ओस पडल्या आणि रिकामपणी मोबाइलवर त्याला कोरियन मालिका सापडल्या. तेव्हापासून गडी त्यातून बाहेर आलेला नाही.

हे वेड काही त्याच्या एकट्याचं नाही. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला ऑस्कर मिळालं. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ ही मालिका जगभर गाजली. २०२४ मध्ये हान कांग या लेखिकेला साहित्याचं नोबेल मिळालं. बीटीएसची गाणी आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींना पाठ आहेत. दूरच्या देशाची गाणी आवडावीत, तिथलं जेवण चाखून बघावं, चार शब्द शिकावेत, यात वाईट काय आहे? जगाची ओळख अशीच होत असते. मी स्वतः कवी, त्यामुळे परक्या भाषेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

पण मित्राच्या प्रेमात एक गोष्ट मला खटकायला लागली. त्या प्रेमात कोरियन माणूस कुठे सापडतच नव्हता. तिथल्या बायकांविषयी बोलताना तो म्हणे, ‘बाहुल्या रे नुसत्या, काचेच्या कपाटात ठेवाव्या अशा.’ पुरुषांना म्हणे बायकी. त्यांच्या बोलण्याची नक्कल करताना तोंडातून वाटेल ते आवाज काढी आणि बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून दाखवी. जेवणाचा विषय निघाला की कुत्र्याच्या मांसावरचा विनोद ठरलेला. कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये केला, हे त्याच्या गावीही नव्हतं. एका तोंडाने ‘पुढचा जन्म कोरियात मिळो’ आणि त्याच तोंडाने ही टवाळी. यात काही विसंगती आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

यावर आमचं बोलणं कधीतरी व्हायचंच होतं. ते झालं एका मुलीवरून.

मित्राच्या घरी कामाला मणिपूरची एक मुलगी आली. आता आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ईशान्येकडची, नेपाळकडची मुलं दिसू लागली आहेत, त्यांतलीच ही. मित्राने तिचं नाव ठेवलं किम. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तो सांगू लागला, ‘ही आमची कोरियन.’ कुठून तरी कोरियन पद्धतीचा झगा मागवला आणि शनिवारी संध्याकाळी तो तिला घालायला लावून पाहुण्यांबरोबर तिचे फोटो काढू लागला. पाहुणे खूश, मित्र खूश. मुलगी हसायची. पगारासाठी माणसाला जेवढं हसावं लागतं तेवढंच.

एकदा चहा घेताना मी तिला गाव विचारलं. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार पेटला, हजारो माणसं घरं सोडून छावण्यांत गेली, त्यांत तिचंही कुटुंब होतं. घर जळलं. ओळखीने ती आधी गोव्यात आली, मग इथे. आणि गंमत पाहा, कोरियन मालिका ती लहानपणापासून पाहत होती. मणिपुरातल्या एका बंडखोर संघटनेने २००० साली हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी आणि सीडींनी भरून काढली होती. म्हणजे कोरियाच्या बाबतीत माझा मित्र तिच्यापुढे काल शाळेत आलेला पोर होता. पण त्याने तिला कधी काही विचारलंच नव्हतं. तिचं खरं नाव मी इथे सांगत नाही. ते तिचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राला पडवीत गाठलं आणि सांगितलं, ‘हे बंद कर.’

तो आधी हसला. मग म्हणाला, ‘मेल्या, मी तेंचेर प्रेम करतंय. तुका त्यात काय चुकीचा दिसता?’

मी म्हटलं, प्रेम करतोस तर थोडं ऐकून घे. बी.ए.ला मी इतिहास शिकलो आणि कोरियाकडे गेलो तो कवींच्या वाटेने. तेव्हा जे ठाऊक होतं ते सांगू लागलो.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळला आणि १९४५ पर्यंत सोडला नाही. सुटकेची तारीख १५ ऑगस्ट, आपली आणि त्यांची एकच, फक्त त्यांची दोन वर्षं आधीची. शेवटच्या काही वर्षांत जपान्यांनी शाळांतून कोरियन भाषा काढून टाकली. १९४० मध्ये लोकांना जपानी नावं घ्यायला लावणारा हुकूम अमलात आला. ज्याने नाव बदललं नाही त्याच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळणं कठीण, नोकरी मिळणं कठीण. बहुतेक घरांनी नाइलाजाने नावं बदलली. १९४२ मध्ये कोरियन भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींना पकडलं, त्यांची हस्तलिखितं जप्त केली. त्यांतले दोघे तुरुंगात वारले. स्वातंत्र्यानंतर ती हस्तलिखितं सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडली आणि मग शब्दकोश छापला गेला.

युन दोंग-जू नावाचा एक तरुण कवी होता. जन्म १९१७ चा. जपानला शिकायला जाण्यासाठी त्यालाही जपानी नाव घ्यावं लागलं. आपलं नाव आपण टाकलं याची बोच त्याला लागून राहिली. १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला सहा महिने उरले असताना, तो फुकुओकाच्या तुरुंगात मेला. वय २७. तोवर त्याचा एकही संग्रह निघाला नव्हता. त्याने हाताने लिहिलेली कवितांची वही एका मित्रापाशी होती. त्या मित्रालाही जपानी सैन्यात जबरदस्तीने नेलं, तेव्हा त्याने ती आईकडे दिली आणि आईने ती घराच्या जमिनीखाली लपवून ठेवली. तिच्यामुळे १९४८ मध्ये पुस्तक निघालं. आज कोरियात शाळेतल्या पोरांना तो कवी ठाऊक आहे.

‘ज्या माणसांनी स्वतःच्या नावासाठी एवढं सोसलं,’ मी मित्राला म्हटलं, ‘त्यांच्यातलंच एक नाव उचलून तू या पोरीच्या नावावर चिकटवतोस. त्यात त्यांचा मान राहत नाही आणि हिचाही राहत नाही.’

बाहुलीचाही हिशेब केला. जपानी सैन्याने हजारो कोरियन मुलींना फसवून, पळवून सैनिकांच्या वासनेसाठी छावण्यांत कोंडलं होतं. जवळजवळ अर्धं शतक त्या बायका गप्प राहिल्या. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सून ही ६६-६७ वर्षांची बाई कॅमेऱ्यासमोर बसली आणि ‘हे माझ्यावर झालं’ असं तिने स्वतःच्या नावानिशी जगाला सांगितलं. मित्राने गमतीने निवडलेलं आडनाव तिचंही. बाईची बाहुली करणारी नजर निरागस नसते, हे सांगायला इतकं लांब जायचीही गरज नाही. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत खारच्या रस्त्यावर थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका कोरियन तरुणीला दोघा तरुणांनी भर रस्त्यात धरलं, तिच्याशी लगट केली. सारं जगाने पाहिलं आणि दोघांना अटक झाली. त्यांनाही विचारलं असतं तर ते ‘आम्हाला ती आवडली’ असंच म्हणाले असते.

मित्र म्हणाला, ‘तू लांबचा सांगतंस. आमचो कोरियाशी काय संबंध?’

संबंध आहे, आणि तो मराठी माणसाचाही आहे. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही. पाठवलं ते लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालचं ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक. जुलै १९५३ मध्ये लढाई थांबली तेव्हा मोठा पेच होता कैद्यांचा. ज्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं अशा साडेबावीस हजारांहून अधिक कोरियन आणि चिनी कैद्यांचं करायचं काय? त्यांच्या राखणीला भारताचं सैन्य गेलं. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय शिपायाला आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायचं नाकारलं, म्हणून इंचॉनच्या बंदरातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून आपले जवान निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तिथल्या तळाला नाव दिलं ‘हिंद नगर’. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा थोरात हत्यार न घेता त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून बाहेर घेऊन आले.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ठरलं असं होतं की प्रत्येक कैद्याला एकेकट्याला तंबूत बोलवायचं, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीचं म्हणणं त्याला ऐकवायचं आणि विचारायचं, बाबा, तुला कुठे जायचं आहे? प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत बहुतेक कैदी त्या तंबूपर्यंत पोचलेच नाहीत. पण कल्पना पाहा. बावीस हजारांचा घोळका न मानता एकेका माणसाला त्याचं मन विचारायचं! शेवटी कोरियन आणि चिनी मिळून ८८ जणांनी सांगितलं की आम्हाला दोन्हींकडे जायचं नाही. त्यांना १९५४ मध्ये आपल्या सैन्याबरोबर भारतात आणलं गेलं. काही पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. ‘वस्त्रहरण बघून सगळो म्हाराष्ट्र हसता. आमच्या बोलण्यार हसता, आमच्या शिव्यांर हसता. आमी खय रागावलो? आनि ता चेडू रागावूक नाय, तू कित्याक रागावतंस?’

हा मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून नीट बघू या. गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’ लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी ते १९८० मध्ये रंगभूमीवर आणलं आणि पाच हजारांहून अधिक प्रयोगांत सगळा महाराष्ट्र हसला, हे खरं. पण त्या हसण्याची दोरी मालवणी माणसाच्या हातात होती. लिहिणारा आपला, बोलणारा आपला, कुठे हसायचं हे ठरवणारा आपला. त्याआधी मराठी नाटकात मालवणी बोली यायची ती बहुधा घरगड्याच्या तोंडी, आणि ती आली की प्रेक्षक हसणार हे ठरलेलं. तेव्हा आपल्याला आपल्यावर हसायला कुणी विचारलं नव्हतं. माणूस स्वतःवर हसतो ते वेगळं आणि पगार तुटेल म्हणून दुसऱ्याच्या विनोदाला हसतो ते वेगळं. ती मुलगी रागावली नाही, कारण रागवायला परवडावं लागतं.

आणि घरगडी म्हटल्यावर मला ‘रामा’ आठवला. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला रामा म्हणायची पद्धत होती. त्याचं नाव गोविंद असो, बाबल्या असो की सखाराम, घरात पाऊल टाकलं की तो रामा. मालकांच्या घरच्या चार वर्षांच्या पोरानेही त्याला ‘ए रामा’ म्हणून हाक मारायची. त्यात द्वेष नव्हता. कित्येक घरांत त्याच्यावर जीव होता, ‘आमचा रामा किती प्रामाणिक’ असं कौतुकही होतं. फक्त त्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. माझ्या मित्राचे वडील गिरगावात एका घरी असेच रामा होते. सातवीत असताना मित्र मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेला होता. परत आल्यावर देवळामागच्या खडकावर बसून त्याने मला सांगितलं होतं की माझ्या बापाला तिथे भलत्याच नावाने हाक मारतात आणि बाप ओ देतो.

त्या सकाळी मी त्याला एवढंच म्हटलं, ‘तुझ्या पडवीत आता तो रामा झगा घालून उभा आहे.’

तो उठून आत गेला. चहा अर्धा राहिला. त्यानंतर दोन-अडीच महिने आमचं बोलणं नव्हतं.

त्या दिवसांत मी यावर पुष्कळ विचार केला, कारण हा अनुभव मला दुसऱ्या टोकाकडूनही ठाऊक आहे. मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलन संपलं की कुणीतरी भला माणूस येऊन म्हणतो, ‘किती शुद्ध मराठी! कुठे शिकलात?’ मी म्हणतो, ‘आईकडे.’ दुसरा म्हणतो, ‘आता एखादा उर्दू शेर होऊन जाऊ दे’, तिसरा बिर्याणीची आठवण करून देतो. आमच्या घरी बोली कोकणी आणि रोजचं जेवण मासळीचं कालवण आणि भात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा हलवल्या. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी प्रश्न तोच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तो माझ्याशी बोलत नसतो, त्याच्या मनातल्या एका चित्राशी बोलत असतो. त्या चित्राला अत्तराचा वास असतो, आणि तेच चित्र एखाद्या दिवशी वर्तमानपत्रातली बातमी वाचून काळंही होतं. कौतुक आणि तिरस्कार यांच्यामध्ये मग फार अंतर उरत नाही. दोन्हींकडे माणूस गैरहजरच असतो.

कुणकेश्वरचीच दंतकथा घ्या. आमच्याकडे ती पोराटोरांना ठाऊक आहे. एक परदेशी मुसलमान व्यापारी, कुणी त्याला अरब म्हणतं, कुणी इराणी, वादळात सापडला. किनाऱ्यावर त्याला दिव्याचा उजेड दिसला. वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असा त्याने नवस केला. वाचला आणि देऊळ बांधलं. पण आता आपले लोक आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्याने त्या देवळाच्या शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याची जागा दाखवतात. हा इतिहास आहे असं मी म्हणत नाही. पण या किनाऱ्यावर अरबी समुद्रापलीकडचे व्यापारी हजार वर्षांपूर्वी येत होते, हा इतिहास आहे. दहाव्या शतकात अल-मसूदी हा प्रवासी चौलला आला आणि तिथल्या मुसलमान वस्तीविषयी त्याने लिहून ठेवलं. दंतकथेचं मला कौतुक आहे, कारण परक्याच्या हाताने उभं राहिलेलं देऊळ आपलं मानायला मोठं मन लागतं. महाशिवरात्रीला गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या तिथे समुद्रस्नानाला येतात. एक गोष्ट मात्र मला नेहमी सलते. मी ऐकलेल्या कथेत त्या व्यापाऱ्याला नाव नाही. तो कुठल्या गावचा, त्याच्या घरी कोण होतं, हे कुणी विचारलेलं नाही. देऊळ बांधून झाल्यावर त्याने इथेच संसार थाटला असता तर? मासळीच्या भावावरून त्याने भांडण केलं असतं तर? तर तो आपल्याला एवढा आवडला असता का?

परक्या माणसावरचं प्रेम खरं की खोटं, हे बहुधा इथेच कळतं. त्याचं रोजचं जगणं, त्याचा कंटाळा, त्याचा राग, त्याचा इतिहास आपल्याला चालतो का? कोरियाच्या दक्षिणेला जेजू बेट आहे. तिथल्या बायका प्राणवायूची नळी न लावता समुद्रात बुड्या मारून शिंपले-कालवं काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण याच बायकांनी १९३२ मध्ये जपानी अमलाखालच्या पिळवणुकीविरुद्ध हजारोंनी मोर्चे काढले होते. आपल्या खडकांवर ओहोटीला वाकून कालवं फोडणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला हेन्यो समजायला कुठलीही मालिका लागू नये.

पुढचं थोडक्यात सांगतो. झगा शनिवारी दिसेनासा झाला. मित्र त्या मुलीला तिच्या नावाने हाक मारू लागला. पहिले काही दिवस उच्चार चुकायचा आणि ती दर वेळी तो दुरुस्त करायची. आता ती तिथे नाही, जास्त पगारावर गोव्याला गेली. जाताना तिने त्याच्या फोनमध्ये स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने, स्पेलिंगसकट लिहून दिलं. कोरियाचं वेड काही गेलेलं नाही, आणि ते जावं अशी माझी इच्छाही नाही. हान कांग यांचं पुस्तक मी त्याला दिलंय. ते अर्ध्यावर आहे असं तो गेलं वर्षभर सांगतो आहे.

मध्यंतरी एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. कुठला तरी चित्रपट बघत होता. त्यात एक टॅक्सीवाला होता, बंदुका घेतलेले सैनिक होते, रस्त्यावर पडलेले विद्यार्थी होते. चित्रपट मध्येच थांबवून त्याने विचारलं, ‘ग्वांगजूत १९८० साली नेमका काय झाला होता रे?’

मी उठून दिवा लावला आणि म्हटलं, ‘बस. सांगतो.’